पोपटपूर्व परीक्षा

मराठी माणसाला पोपटाविषयी कुणी काही शिकवावं लागत नाही. पोपट हिरवा असतो, चोच लाल असते, तो पेरू-मिरची खातो आणि 'विठू विठू' म्हणतो. संपलं. एवढ्या भांडवलावर मी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात पिंजरा बघायला निघालो, तर लेकीनं दारातच अडवलं. "बाबा, आपला रानातला पोपट पाळणं गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा!" वरच्या मजल्यावरच्या नानांच्या पंचवटीतल्या वाड्यात मिठू असायचा. तो १९७२ च्या आधीचा होता, असं त्यांनी तातडीनं खाली येऊन कळवलं.

राहिला बजरीगर हा छोटा पोपट. बाजारात ज्याला सरसकट 'लव्हबर्ड' म्हणून खपवतात तो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८४० साली जॉन गूल्ड यांनी तो इंग्लंडात नेला आणि तिथून तो जगभर पसरला. आता तो इंदिरानगरात यायचा, तर आधी घराचा अभ्यास पक्का हवा, असा फतवा निघाला.

पक्ष्यांच्या दुकानात दुकानदार म्हणाला, "घ्या साहेब, नर आहे, एकदम पिल्लू." लेक पिंजऱ्यापाशी वाकली. चोचीच्या वर जिथं नाकपुड्या असतात तिथली मांसल पट्टी तपकिरी होती. वयात आलेल्या नराची ती निळी असते. पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात, याचं कपाळ पिवळंधमक. "काका, ही बाई आहे आणि मोठी आहे," लेकीनं जाहीर केलं. दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं राळ्याची पिशवी तेवढी घेतली.

नुसते राळेही चालत नाहीत म्हणे. दाण्यांवरच ठेवला तर चरबी वाढते, यकृत बिघडतं. पालक, कोथिंबीर, गाजर हवं. ॲव्होकॅडो विष. ते आमच्या घरी माणसांनाही मिळत नाही, तेव्हा काळजी नव्हती. चॉकलेट विष. मीठ आणि कांदाही वाईट, म्हणजे चिवडा बाद! द्राक्षं थोडी चालतात, एवढीच काय ती नाशिकची अब्रू राहिली.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री जिवाचं हाड, लागतो. तो रविवार कारंजाजवळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळाला. "कान वाहतोय का?" गल्ल्यावरच्या आजोबांनी आपुलकीनं विचारलं. "नाही, पोपटाला," म्हटल्यावर त्यांनी पुडी बांधता बांधता पोपटाला कान असतात का, हा विषय काढला. (असतात. पिसांखाली झाकलेले.)

खरा हाहाकार स्वयंपाकघरात झाला. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांचा जीव घेतो. आई हे ऐकून उजळली. "मी आल्या दिवसापासून सांगतेय, बिडाचा तवा तो बिडाचा तवा!" बायकोनं डोशाचा तवा माळ्यावर टाकला, पण त्याच दमात धुराचा मुद्दा काढला. धूरही पक्ष्याला सोसत नाही, तेव्हा अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉइल बंद. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग पिंजऱ्याची जागा. स्वयंपाकघरात नको, पंख्याखाली नको, उन्हाच्या खिडकीत नको, निफाडकडून गार वारं येतं त्या बाजूला तर नकोच. उरला दिवाणखान्याचा एकच कोपरा, आणि तिथं माझी आरामखुर्ची आहे. म्हणजे होती.

बोलेल का, हा प्रश्न मी भीत भीतच विचारला. पक नावाच्या एका बजरीगरच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे, असं लेकीनं सांगितलं. "या घरात मला तेवढे बोलायला मिळत नाहीत," बायको म्हणाली. कुणी काही बोललं नाही.

शेवटचं कलम झोपेचं. पक्ष्याला रोज दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते, म्हणून सातनंतर दिवाणखान्यात टीव्ही बंद. आईची मालिका आठला लागते.

"पिंजऱ्यावर चादर टाका," आई म्हणाली.

"आजी, आवाजाचं काय?"

"ऐकू दे की! बोलायला शिकवायचंय ना त्याला? आमच्या मालिकेतली सासू किती स्पष्ट बोलते."

"म्हणजे घरात आणखी एक," बायको पुटपुटली. ठराव मतदानाला टाकला. लेक आणि बायको बाजूनं, आई विरोधात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी माझी खुर्ची कुठं ठेवणार ते सांगा, मग मत देतो, असं मी कळवलं आहे.