झाकणाने कुठला आवाज मरतो?

नमस्कार. गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. पिकअपवाल्या (म्हणजे स्पीकरला जोडता येणाऱ्या) अ‍ॅकूस्टिक गिटारचा फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून उठणारी गुणगुण) आवरायचा तर आधी साउंडहोलला, म्हणजे वरच्या फळीतल्या गोल भोकाला, रबराचं झाकण बसवा, ईक्यूचं (जाड-बारीक सूर कमीजास्त करणाऱ्या बटणांचं) नंतर बघू, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं : झाकणाने चांगल्या गिटारचा गळा दाबला जातो, ईक्यू कळणाऱ्याला ते लागत नाही आणि मुळात फीडबॅक हा साउंडवाल्याचा प्रश्न आहे. वर "मोठे कलाकार लावतात का कधी झाकण?" हा टोला. टोला आवडला, मुद्दे पटले नाहीत.

झाकण लावलं की आवाज बसतो, हे खरंच. पण कुठला? घरी पलंगावर बसून वाजवताना कानावर येतो, तो. हॉलमध्ये दहाव्या रांगेतल्या माणसाला तो ऐकूच येत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो सॅडलखालच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या कांडीखालच्या) पिएझो पट्टीचा, म्हणजे पिकअपचाच, आवाज, आणि त्या पट्टीला तारांचा दाब आणि फळीची थरथर कळते; भोकातून बाहेर पडणाऱ्या हवेशी तिला फारसं देणंघेणं नसतं. गिटारच्या पोटात छोटा माइक बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे झाकणाने आवाज कोंदट होतो, तिथे तुमची बाजू मान्य.

आता ईक्यू. गिटारच्या पोटातल्या हवेला स्वतःचा एक सूर असतो. ड्रेडनॉटमध्ये (मोठ्या अंगाच्या गिटारमध्ये) तो साधारण 100 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी (98) आणि मोकळा ए (110) यांच्या आगेमागे. पटत नसेल तर गिटार मांडीवर घ्या, तोंड साउंडहोलजवळ न्या आणि खर्जात "ऊ" करत सावकाश खाली उतरा. एका जागी गिटार अचानक घुमायला लागेल, मागची फळी तुमच्या पोटाला लागून थरथरेल. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर, हेच करतो, फक्त त्याला दम लागत नाही.

झाकण या हवेची ये-जाच थांबवतं. ईक्यू काम करतो तो हवा हलून, फळी थरथरून, सिग्नल पिकअपमधून निघाल्यावर. दोष एका सुराचा असताना बेसचं बटण खाली ओढलं की 82 चा ई, 110 चा ए, वर 147 चा डी सगळेच अंग चोरतात. गळा दाबणं म्हणतात ते याला. झाकण लावून बेस जागच्या जागी ठेवलेली गिटार हॉलमध्ये जास्त भरदार वाजते, हे एकदा दहाव्या रांगेत उभं राहून ऐका. वाजवायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा.

झाकणाने सगळं भागतं असं मी म्हटलेलं नाही. वरच्या फळीचाही सूर असतो, बहुधा 200 च्या जवळपास, आणि त्याला झाकण काही करू शकत नाही. गुणगुण सुरू झाली की आधी तळहाताने तारा दाबा. थांबली तर एखादी मोकळी तार घुमत होती. नाही थांबली तर तळहात साउंडहोलवर धरा. तेव्हा थांबली तर दोष हवेचा, तरीही चालू राहिली तर फळीचा. फळीसाठी प्रीअँपवरचा (पिकअपचा सिग्नल वाढवणाऱ्या डबीवरचा) नॉच, म्हणजे एकच सूर कापणारं बटण, वापरा : व्हॉल्यूम गुणगुण जेमतेम सुरू होईल इतकाच ठेवून नॉच हळूहळू फिरवा, ती जिथे विरेल तिथे सोडा. प्रीअँपवर कॉम्प्रेसर (मोठा आणि लहान आवाज यांतलं अंतर कमी करणारा) असेल तर तो बंदच बरा, गाणं थांबल्यावरच्या शांततेत तोच आवाज वर ओढतो.

फेजच्या (सिग्नलची लाट उलटी करणाऱ्या) बटणाबद्दल तुम्ही "एका क्लिकमध्ये काम होतं" लिहिलंय. होतं, पण उभं राहिलेल्या जागेपुरतं. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास 3.4 मीटर. मॉनिटरपासून दीड-पावणेदोन मीटर मागे गेलात की गणित उलटं, आणि मघाशी ज्याने शांत केलं तेच बटण आता घुमवतं. स्टेजवर फिरणाऱ्याने त्याच्यावर विसंबू नये.

साउंडवाल्याचं म्हणाल, तर आपल्या भावगीतांच्या कार्यक्रमांत काय होतं ते बघा. गिटारवाला खुर्चीवर बसतो, मॉनिटर समोर जमिनीवर तिरका, म्हणजे त्याचं तोंड थेट साउंडहोलकडे. त्यात "दादा, मॉनिटरमध्ये मला थोडं वाढवा" हे दर गाण्यानंतर. साउंडवाल्याने काय करायचं? मॉनिटर बाजूला सरकवून कानाच्या दिशेने वळवून मागा, शक्य असेल तर लांब ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो. हॉलमध्ये भिंतींमुळे तेवढा नाही, तरी फरक कळण्याइतका नक्की. या गोष्टी वाजवणाऱ्याने सांगायच्या असतात, कंसोलमागे उभ्या माणसाला गिटार कुठे रोखली आहे ते नेहमी दिसतंच असं नाही.

आणि मोठे कलाकार. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कानात इअरफोनसारखे इन-इअर असतात. स्टेजवर मॉनिटरच नाही, तर झाकण कशाला लावतील?

झाकण घेणार असाल तर आधी भोकाचा व्यास मोजा. बहुतेक ठिकाणी 4 इंचांच्या आसपास भरतो, पण सगळीकडे नाही, आणि सैल झाकण दुसऱ्या गाण्यात आत पडतं. साउंडहोलमध्ये मॅग्नेटिक पिकअप लावलेला असेल तर नेहमीचं झाकण बसणारच नाही, खाच असलेलं शोधावं लागेल. तुमच्या गिटारला कुठला पिकअप आहे ते प्रतिक्रियेत लिहिलं नाहीत, ते कळवा.