'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सडेतोड साहेब,

'गूगलला शब्दांचा अर्थ कसा कळतो' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, चहा गार झाला. तुमचे मुद्दे तीन. 'एलएसआय कीवर्ड', म्हणजे गूगलला विषय कळावा म्हणून पानात पेरायचे संबंधित शब्द, असं काही नसतं. आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ लावणारं गूगलचं बर्ट आल्यापासून असे शब्द पेरत बसायची गरज उरलेली नाही. आणि तिसरं, तुमच्याच शब्दांत: "मराठीत काहीही तपासून न बघता इंग्रजी ब्लॉगांचं भाषांतर आमच्या माथी मारलंत."

माथी मारलंत? लेख फुकट आहे, साहेब. वाचायची सक्ती नव्हती.

मी १९९८ पासून डीटीपीत आहे. तेव्हा मराठी मजकूर शिवाजी फॉन्टात टाइप व्हायचा. पडद्यावर देवनागरी, पण संगणकाच्या लेखी ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी. तोच मजकूर साइटवर चढवला, की गूगलला त्यात एकही मराठी शब्द सापडायचा नाही. पुढे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड आलं, तेव्हा एका गिऱ्हाईकाची चारशे पानं मी बदलून घेतली. कन्व्हर्टर रफार भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवायचा, ते एकेक करून हाताने जागेवर आणले. आणि मराठीत तपासत नाही म्हणे मी!

बरं, तपासलेलंच हवंय ना? एका शेतकरी गटाची साइट मी सांभाळतो. तिथे 'पाट कधी सुटणार' असं एक पान होतं, मजकूर जेमतेम चार ओळी. गूगलचं सर्च कन्सोल उघडून पाहिलं तर लोक कोणते शब्द टाकून त्या पानापर्यंत येत होते? 'लाकडी पाट', 'पाट चौरंग किंमत'. चूक यंत्राची नव्हती. बसायचा पाट वेगळा, पाण्याचा पाट वेगळा, आणि 'पाट लावणे' म्हणजे पुनर्विवाह, ते तर तिसरंच, हे त्या चार ओळींवरून परक्या माणसालाही कळलं नसतं. मग पान नीट लिहून काढलं: आवर्तन म्हणजे पाणी सोडायची पाळी, चारी, टेलच्या म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची रड, पाणी मागणीचा नमुना नंबर ७. दोनेक महिन्यांत चौरंगवाले गेले आणि पाणी अर्जवाले यायला लागले. हे कुठल्या इंग्रजी ब्लॉगात वाचलंत, ते कळवा.

एलएसआय हे नाव मी वापरायला नको होतं, हे मान्य. एलएसआय, म्हणजे लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग, हे तंत्र १९८८ सालच्या पेटंट अर्जातलं, म्हणजे वेबच्याही आधीचं, आणि असे कीवर्ड नसतातच हे गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्ये सांगून टाकलंय. लेखात आता 'संबंधित शब्द' असं केलंय. झालं समाधान?

राहता राहिलं बर्ट. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते इंग्रजीत आलं, डिसेंबरात ७० हून जास्त भाषांत, त्यात मराठीही होती. ठाऊक आहे. ब्राझीलहून अमेरिकेला जाणाऱ्याच्या व्हिसाचं गूगलचं उदाहरणही ठाऊक आहे, त्यातला कुठे जायचंय ते सांगणारा 'टू' हा एवढासा शब्द आधी दुर्लक्षित राहायचा म्हणे. आपल्याकडे ते काम 'हून' आणि 'ला' करतात, तेही शब्दाला चिकटून. पण आजूबाजूचे शब्द वाचून अर्थ लावणाऱ्या यंत्राला आजूबाजूला काही लिहिलेलं तरी सापडायला नको का? याहून जास्त वेळ या मुद्द्याला देत नाही.

ता. क. तुमच्या प्रतिक्रियेत 'इंजिन' तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलंय. मी हात लावलेला नाही.