तंबाखूमुक्त शाळेत बिल्बोचा पाईप

आमच्या शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पिवळी पाटी आहे. मागच्या जूनमध्ये त्याच शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर मी सातवीच्या पोरांसमोर एक पुस्तक उघडलं, आणि पाचच मिनिटांत गोष्टीतले महाशय नाश्ता उरकून घराच्या दारात भलामोठा पाईप ओढत उभे!

मी अडखळले. गाळावं का हे? तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, कुठली तंबाखू ओ?"

वर्ग खदखदून हसला. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. निम्म्या पोरांच्या घरी आई नाहीतर आजी विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पाला आणि तंबाखू, हे बघतच ही पोरं रांगायला लागलेली. त्यांना धक्काबिक्का काही बसला नाही. बसला तो मला. मी पाईप गाळला नाही आणि पुढं वाचत गेले.

पुस्तक टॉल्कीनचं 'द हॉबिट', १९३७ सालचं. बिल्बो नावाचा एक हॉबिट, म्हणजे माणसाहून ठेंगणा, सुखवस्तू, खाण्यापिण्याचा शौकीन जीव. त्याच्या घरी गँडाल्फ नावाचा जादूगार आणि तेरा बुटके येऊन फराळाचा फडशा पाडतात आणि ड्रॅगननं बळकावलेला आपला डोंगर परत मिळवायला त्याला बरोबर घेऊन जातात. एकोणीस प्रकरणं. मी ठरवलं, दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास याचा. माझ्याकडं इंग्रजी प्रत एकच. परिच्छेद इंग्रजीत वाचायचा, मग मराठीत सांगायचा, परत इंग्रजी. चुकत-माकत.

स्टाफरूममध्ये काय झालं असेल ते शिक्षक मित्रांना सांगायला नको. "पोर्शन झाला का तुमचा?" "त्यांना आधी जोडाक्षरं वाचू द्या नीट." एका ज्येष्ठ सरांनी प्रेमानंच सांगितलं, "बाई, परीक्षेला येत नाही ते पोरं ऐकत नाहीत." सर चुकले. पण बोलले त्यात तथ्य होतं, कारण पहिल्या महिन्यात मी स्वतःच त्या गोष्टीची परीक्षा करून टाकली होती.

सवय हो, दुसरं काय. पहिलं प्रकरण संपल्यावर फळ्यावर लिहिलं, 'बिल्बोच्या स्वभावाचे तीन पैलू लिहा.' वह्या तपासायला घेतल्या तर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच. 'बिल्बो शूर, प्रामाणिक व दयाळू होता.' अहो, पहिल्या प्रकरणात तो भीतीनं थरथरत खाली पडतो! 'कदाचित परत येणार नाही' एवढं ऐकूनच किंचाळतो! पण पोरांना ठाऊक आहे, धड्यातला माणूस शूर, प्रामाणिक व दयाळूच असतो. बाईंना तेच हवं असतं. सात वर्षं आम्ही त्यांना हेच तर शिकवलंय. गोष्ट ऐकायची, पिळायची, तात्पर्याचे दोन थेंब वहीत गाळायचे आणि चोथा टाकून द्यायचा. तो चोथा म्हणजेच गोष्ट होती, हे आम्ही कधी बघितलंच नाही.

त्या वह्या मी लाल पेन न लावता परत दिल्या आणि सांगितलं, यावर एकही प्रश्न येणार नाही. कुठल्याच परीक्षेत नाही. एक मुलगी संशयानं म्हणाली, "मग वाचायचं कशाला?" तिला उत्तर दिलं नाही. नव्हतंच माझ्याकडं.

(वह्या तपासण्यावरून आठवलं. टॉल्कीन प्राध्यापक होता. उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासताना एका पोरानं एक पान कोरं सोडलेलं दिसलं आणि त्या कोऱ्या पानावर त्यानं या पुस्तकाचं पहिलं वाक्य लिहिलं. हे सांगितल्यावर आमच्या वर्गात कोरी पानं सोडणाऱ्यांची छाती एकदम दोन इंच फुगली.)

खरी गंमत ऑगस्टमध्ये, पाचव्या प्रकरणाला आली. बिल्बो अंधाऱ्या भुयारात हरवतो आणि त्याला गोलम नावाचा तिथंच राहणारा एक विचित्र प्राणी भेटतो. दोघं कोड्यांचा सामना लावतात. बिल्बो जिंकला तर गोलम वाट दाखवणार, हरला तर गोलम त्याला खाणार. त्यात दातांवर एक कोडं आहे, लाल टेकडीवरच्या तीस पांढऱ्या घोड्यांचं. मी ते सांगितलं आणि वाक्य संपायच्या आत एक पोरगा ओरडला, "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे!"

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत. इंग्लंडमधल्या प्राध्यापकाचे घोडे आणि साखर पेठेतल्या आजीची नागीण एकाच तोंडात! तेवढं दोन दातांचं भांडण झालं वर्गात, तीस का बत्तीस. अक्कलदाढेवर मिटलं.

मग गृहपाठ दिला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक कोडं विचारून यायचं, भाषा कुठलीही चालेल. सोलापूरच्या बाहेरच्यांना कदाचित कळणार नाही 'भाषा कुठलीही' म्हणजे काय. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, कानडी आहेत, उर्दू आहेत आणि शाळा मराठी. एरवी या घरच्या भाषा पोरं फाटकाबाहेर ठेवून येतात, चपला काढून ठेवाव्यात तशा. त्या सोमवारी त्या सगळ्या वर्गात आल्या. 'कोकणातनं आली सखी, तिच्या मानंवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी' म्हणजे लसूण. 'सुपभर लाह्या, त्यात एक रुपया' म्हणजे चांदण्या आणि चंद्र. एकाच्या आजीनं तेलुगूत दिलेलं कोडं त्यानं आधी तेलुगूत म्हटलं, मग मराठीत सांगितलं. पांढऱ्या रानात काळं बी, हातानं पेरायचं आणि तोंडानं वेचायचं. कुणाला येईना. मलाही नाही. उत्तर होतं, कागदावरची अक्षरं. हा पोरगा वर्षभर वाचनात मागं म्हणून माझ्या यादीत होता.

पण कोड्यांपेक्षा वाद रंगला तो सामन्याच्या शेवटावर. बिल्बोला कोडं सुचेना. खिशात हात गेला, तिथं वाटेत सापडलेली अंगठी, आणि तो पटकन विचारतो, माझ्या खिशात काय आहे? गोलमला येत नाही. बिल्बो जिंकला.

"ओ बाई, हे कोडं नाही की! चीटिंग करलालाय त्यो!"

आणि वर्ग फुटला. एका बाजूचं म्हणणं, कोड्याचं उत्तर कोड्यातच लपलेलं असलं पाहिजे, हा साधा प्रश्न झाला. दुसरी बाजू म्हणे, गोलमनं तीन उत्तरं द्यायची मुभा मागून घेतली ना? मग त्यानं मान्य केलंच की. तिसरी एक शांत मुलगी म्हणाली, "जीव वाचवायला केलं तर चीटिंग नसते." त्यावर पहिला गट, "मग नियम कशाला केला?" पंचवीस मिनिटं. मी फळ्याजवळ उभी होते आणि मला मध्ये तोंड घालावं लागलं नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला यातला निम्मा विचार मी कधी काढून घेऊ शकले नाही. टॉल्कीननंही तिथं कबूल केलंय की प्राचीन नियमांनुसार ते खरं कोडं नव्हतं. हे वाचून दाखवल्यावर पहिला गट उठून नाचला.

मग मी हातचं राखलेलं काढलं. हे प्रकरण आधी असं नव्हतंच. १९३७ च्या आवृत्तीत गोलम अंगठी बक्षीस म्हणून द्यायलाच तयार होता, ती सापडेना म्हणून माफी मागून वाट दाखवतो. पुढं टॉल्कीनला याच अंगठीवर मोठी कादंबरी लिहायची होती, तिला असा भला गोलम परवडणार नव्हता. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत प्रकरण बदललं आणि गोलम दगाबाज झाला. मग पहिली आवृत्ती वाचलेल्यांना काय सांगायचं? तर म्हणे, ती बिल्बोनं सांगितलेली थाप होती.

वर्ग काही क्षण गप्प. मग एकजण म्हणाला, "म्हणजे चूक लेखकाची आणि नाव बिल्बोचं?"

छापलेलं बदलता येतं, लेखक माघार घेतो, सारवासारव करतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यानंतर दोन आठवडे पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक धड्याला 'बाई, ह्याची आधीची आवृत्ती काय होती?' असं विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं.

सगळंच असं बहरलं नाही. मधली दोन-तीन प्रकरणं कंटाळवाणी गेली, जंगलातली तर फारच. मी सरळ गाळून सांगितली. पुस्तकातल्या नकाशातली रून लिपी, म्हणजे जुनी टोकदार रेघांची अक्षरं, दाखवली तर तिचा उपयोग पोरांनी चिठ्ठ्या फिरवायला केला. एक मी पकडून तासभर खपून वाचली. 'बाईंच्या डब्यात आज पण शेंगाचटणी.' हेरगिरी अचूक होती.

मुलींनी डिसेंबरमध्ये विचारलं, "यात एक पण बाई का नाही?" खरंच नाही. नावानिशी येते ती बिल्बोची आई, आणि तीही केवळ उल्लेखापुरती. मी लेखकाची बाजू घ्यायला गेले, जुना काळ वगैरे. मग वाटलं, कशाला? म्हटलं, नाही, आणि ही उणीवच आहे. त्यांनी त्यावर तोडगा काढला. मधल्या सुट्टीतल्या नाटकात गँडाल्फ एक मुलगी झाली, आजीच्या नऊवारीचा झगा करून.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसले ते. पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, या जादू-राक्षसांत पोरगं खरं जग विसरंल, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. माणूस यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहतो. पोरानं स्वप्नात राहू नये असं त्याला वाटणारच.

त्यांना मी तिथं धड सांगू शकले नाही ते इथं सांगते. बुटक्यांचा म्होरक्या थोरिन. त्याच्या आजोबांचा डोंगर होता, कारागिरी होती, भरभराट होती. ड्रॅगन आला, सगळं गेलं. नातवाकडं उरला एक नकाशा आणि एक किल्ली. मी हे सांगितलं त्याच्या पुढच्या शनिवारी एका पोरानं रुमालात बांधून एक पितळी बिल्ला आणला. आजोबांचा, गिरणीतला, वर नंबर कोरलेला. आपल्या गावात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढं भोंग्यावर गाव उठायचं आणि जेवायचं. ते सगळं या पोरांच्या जन्माआधीच संपलेलं. त्यांच्यासाठी गिरणी म्हणजे पडकी भिंत आणि घरातल्या म्हाताऱ्यांचे उसासे.

"बाई, आमच्याकडं नकाशा नाही," तो म्हणाला. "किल्ली हाय."

नंतर वर्गानं सोलापूरचा नकाशा काढला, पुस्तकातल्यासारखा. मध्ये सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला, एका कडेला कंबर तलाव, वर हिप्परग्याचं पाणी, विजापूर वेशीपाशी 'इथून पुढे धोका'. ड्रॅगन कुठं झोपवला असेल? बंद गिरणीच्या आवारात. पण सोन्यावर नाही. त्याच्या पोटाखाली पोरांनी गठ्ठे काढले होते आणि त्यावर लिहिलं होतं, 'आजोबांचे राहिलेले पैसे'.

कोण विसरलं खरं जग? माझ्या डोक्यात या डोंगराचा आणि गिरणीचा संबंध आला नव्हता. मी पदवीला कल्पनारम्य साहित्यावर पानंच्या पानं लिहिलेली बाई. मला ती उत्तर युरोपातल्या जुन्या दंतकथांची गोष्ट वाटत होती. त्यांनी ती अशोक चौकात आणून ठेवली. धड्यात 'गिरणी कामगारांच्या समस्या' असं आलं असतं तर हीच पोरं पाच मुद्दे पाठ करून मोकळी झाली असती आणि तो बिल्ला पेटीतच राहिला असता.

थोरिन मरतो तेव्हा वर्ग चिडला. ड्रॅगनला बिल्बोनं नाही, भलत्याच धनुर्धरानं मारलं यावर आधीच नाराजी होती. तेलुगू सिनेमे बघणाऱ्या पोरांना हिरोनं न मारलेला व्हिलन चालत नाही. त्यात थोरिन सोन्यापायी हट्टाला पेटला आणि गेला. बिल्ल्याचा मालक त्या दिवशी काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. पूर्वीची मी असते तर नक्की म्हणाले असते, 'बघा, लोभाचं फळ काय होतं!' जिभेच्या टोकावर आलं होतं.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्ट्या, मग स्नेहसंमेलन, असं करत फेब्रुवारीत एकोणिसावं प्रकरण आलं. बिल्बो घरी परततो तर दारात लिलाव चाललेला. तो मेला असं गृहीत धरून नातेवाईक सामान विकतायत. आपल्या वस्तू त्याला स्वतःच विकत घ्याव्या लागतात, आणि चांदीचे बरेचसे चमचे गायब ते गायबच. त्याचा संशय भाऊबंदांवर.

मी पुस्तक मिटलं. मला वाटलं अंगठीबद्दल विचारतील, गोलमचं पुढं काय झालं विचारतील. घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. सगळ्या वर्गाला एकच लागून राहिलं होतं.

"बाई, चमच्यांची तक्रार केली का नाही त्यानं?"