अर्धी रिकामी बाटली हँडबॅगेत चालत नाही

'शाम्पूच्या मोठ्या बाटलीत १०० मिलीपेक्षा कमी उरलं असेल तर ती परदेशाच्या विमानात हँडबॅगेतून बिनधास्त न्या' असा मेसेज सुट्ट्या लागल्यापासून फिरतोय. हे चूक आहे. आत किती उरलंय ते कुणी मोजत बसत नाही. बाटलीवर छापलेला आकडा बघतात. २०० मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर खोबरेल असलं, तरी ती बाजूला काढली जाते.

२००६ साली लंडनहून उडणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हा नियम आहे. प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंतची आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. टूथपेस्ट, फेसवॉश, जेल, क्रीमसुद्धा यातच मोजतात. त्यामुळे १५० ग्रॅमची टूथपेस्टही गोत्यात आणते, आणि ती पुरवून वापरण्यासाठी आपण शेपटापासून गुंडाळत आणलेली असते! थंडीत गोठलेलं खोबरेल म्हणजे 'घन पदार्थ' हा युक्तिवाद रांगेत करू नका.

साबणाची वडी मात्र चालते. मोठ्या बाटल्या चेक-इन बॅगेत टाका. तिथे परफ्यूम, हेअरस्प्रे अशा पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंना मात्र प्रत्येकी अर्धा लिटर, एकूण दोन लिटर ही सर्वसाधारण मर्यादा. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून घट्ट फिरवलं की साड्या वाचतात.

काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे सूट मिळते. पण परतीचं विमान जिथून, तिथलाच नियम लागू होतो.