पावसात विरघळलेली वीट कोणाच्या खात्यावर?

दिवाळी झाली की मेळघाटातून, बैतूल-बालाघाटकडून, छत्तीसगडमधून जोड्या आपल्या विदर्भातल्या वीटभट्ट्यांवर उतरतात. जोडी म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीच्या भरवशावर दिली जाते, काम जोडी करते, आणि मालकाच्या वहीत नाव मात्र एकट्या नवऱ्याचं लागतं. त्या वहीबद्दलच लिहायचं आहे. तिच्यातली एक रीत, थापलेल्या विटा उशिरा मोजण्याची, दर उन्हाळ्यात कुटुंबांना बुडवते.

आधी काम कसं चालतं ते बघा. संध्याकाळी माती खणायची, ढेकळं फोडायची, पाणी सोडून रात्रभर भिजू द्यायची. आपली काळी माती एकटी चालत नाही. वाळताना आकसते आणि वीट तडकते. म्हणून तिच्यात राखड, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख, मिसळतात. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस इथून ती येते, आणि १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या आसपासच्या भट्ट्यांना किमान २५ टक्के राखड सक्तीची केली. भंडारा-गोंदियाकडे धानाचा कोंडाही पडतो. मातीतले चुनखडीचे खडे वेचावे लागतात. एखादा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, आणि पुढे भिंतीत पाणी लागलं की तो फुगून विटेचा टवका उडवतो. हे वेचण्याचं काम बायका आणि पोरं करतात. त्याचा वेगळा पैसा कोणी देत नाही.

थापणी पहाटे तीनच्या सुमारास सुरू होते, कारण दहा-अकरानंतर उन्हात उकिडवं बसवत नाही. बाई गोळा आणून ठेवते. थापणारा साच्याला आतून कोरडी राखड फिरवतो, गोळा दोन्ही हातांनी उचलून जोरात आपटतो, चारही कोपऱ्यांत अंगठ्याने दाबतो, वरचा चिखल पट्टीने ओढून काढतो आणि एका झटक्यात साचा उलटा करतो. आपटण्यात जोर कमी पडला तर कोपरा भरत नाही, आणि बिनकोपऱ्याची वीट बाद होते. विटेवर उमटतात ती अक्षरं मालकाच्या नावाची.

ओली वीट साधारण साडेतीन किलोची. म्हणजे हजार विटांमागे साडेतीन टन चिखल आधी पायांनी तुडवायचा, मग डोक्यावर वाहायचा, मग हातांनी आपटायचा. चांगल्या दिवशी जोडी हजारभर विटा पाडते. पुढे एक-दोन दिवसांनी वीट काटावर उभी करायची. ती हलकी धरावी लागते, म्हणून हे काम बहुतेक पोरांकडे जातं, आणि शाळा तिथेच सुटते. सुकली की फटी ठेवून रचायची, मग भट्टीवर वाहायची.

आता मुद्दा. मजुरी हजारावर ठरते, पण हजार मोजायचे कधी? बहुतेक ठिकाणी वीट सुकून रचल्यावर किंवा भट्टीवर चढल्यावर. थापणी आणि मोजणी यांच्यात आठ-दहा दिवस जातात, आणि त्या दिवसांत आलेला पाऊस मजुराच्या माथी मारला जातो. फेब्रुवारी-मार्चमधली अवकाळी आणि गारपीट आपल्याला नवी नाही. तासभर सरी आल्या तरी उघड्यावरच्या विटांच्या आधी कडा जातात, मग खालून पाणी साचून तळ सुटतो, आणि सकाळी खळ्यावर, म्हणजे विटा थापायच्या जागेवर, नुसता चिखल उरतो. त्याची मजुरी शून्य. वर तो चिखल खरडून खळं पुन्हा सारखं करायचं, तेही फुकट. जमीन वाळेपर्यंत तीन-चार दिवस काम बंद, पण चूल बंद ठेवता येत नाही. त्या दिवसांची खर्ची, म्हणजे खाण्यापिण्यासाठी मालकाकडून घेतलेले पैसे, उचलीत चढते. एका पावसात कमाई जाते आणि कर्ज वाढतं. मे महिन्यात हिशोबाला बसल्यावर अंगावर बाकी निघते ती अशी, आणि त्या बाकीपोटी पुढच्या हंगामाचा शब्द आजच द्यावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. जमीन मालकाची, माती मालकाची, राखड मालकाची, कोळसा मालकाचा, विटेवरचं नावही मालकाचं. जोडीची फक्त मेहनत, आणि ती साचा उलटा झाला त्याच क्षणी पूर्ण झाली. त्यानंतर माल बिघडला तर तो ज्याचा माल त्याचा तोटा. लहान भट्टीवाल्याचंही नुकसान होतं हे मला मान्य आहे. कोळसा महाग असतो, जागा भाड्याची असते. पण विटेचा भाव वाढवून तो थोडं तरी भरून काढू शकतो. जोडीकडे वाढवायला भाव नसतो.

हीच गोष्ट भाजणीला लागू आहे. कोळसा कमी पडला की बाहेरच्या विटा कच्च्या राहतात, जास्त झाला की आतल्या वितळून खंगर होतात. कोळसा किती टाकायचा हे थापणारा ठरवत नाही. मग तूट-फूट म्हणून त्याच्या हजारातून विटा का वजा करता?

मोजणी त्याच संध्याकाळी, ओळीने व्हायला हवी. एका ओळीत किती आणि ओळी किती, एवढाच गुणाकार. दोन वह्या, एक मालकाकडे, एक जोडीकडे, दोन्हींत नवरा-बायको दोघांची नावं. वाचता येत नसेल तर मोबाईलवर पानाचा फोटो. खर्चीही त्याच वहीत, तारखेसह. फोटो लावलेल्या पासबुकाची तरतूद १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात होती. पण तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बैतूलहून आलेला त्यात बसायचा, मेळघाटातल्या धारणीहून अकोल्याला आलेला कोरकू आदिवासी बसत नव्हता. आणि उचल फिटत नाही म्हणून कोणाला भट्टीवर अडवून ठेवलं, तर तो १९७६ च्या वेठबिगार कायद्याखालचा गुन्हा आहे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे करता येते.

ताडपत्री मालकाने द्यायची, आणि पाऊस आल्यावर शोधायची नाही. जानेवारीतच खळ्याला उतार काढून कडेने चर खणून घ्यावा, आणि रचलेल्या कच्च्या विटांखाली पक्क्या विटांचा एक थर द्यावा, म्हणजे तळ भिजत नाही. पुढचा पाऊस फार लांब नसतो, आणि आज थापलेल्या ओळी आज रात्री वहीत चढलेल्या असल्या पाहिजेत.