दोन मोजे घातले की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की एका मुद्द्यावर तुमचं सरळसरळ बरोबर आहे, एका मुद्द्यावर माझं, आणि बाकीच्यांवर भांडायला दोघींनाही वाव आहे. चार ओळींत आभार मानून सुटता आलं असतं, पण हाच प्रश्न इतरही बायकांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की युरोपियन ३६ नंबरच्या खालचं पाऊल असलेल्या बाईला डोंगरात चालायचे बूट मिळणं ही खरी अडचण आहे, आणि मोठा बूट घेऊन तो मोज्यांनी भरणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यावर ताई म्हणतात, "अठरा वर्षं दीड नंबर मोठे बूट आणि दोन मोजे घालून चालतेय, काही बिघडलं नाही. पाऊल लहान म्हणून एवढं रडगाणं कशाला?" शिवाय त्यांच्या मते लहान मुलांचे बूट मी एका वाक्यात उडवून लावले, 'बायकांचे बूट' हा निव्वळ रंग बदलून विकायचा प्रकार आहे, जपानी गिर्यारोहक जुंको ताबेई एव्हरेस्टवर गेल्या त्या काही नंबरांचे तक्ते बघत बसल्या नव्हत्या, आणि असं लिहून मी नवख्या मुलींना घाबरवते आहे.

मोज्यांपासूनच सुरू करते.

माझे पहिले बूट ३७ नंबरचे होते. माझं पाऊल २१६ मिलिमीटर, म्हणजे हिशेबाने साडेचौतीस ते पस्तीस. त्या दिवशी ३६ संपले होते आणि विकणारा म्हणाला, "आत जाड मोजे येणारच ना, बसेल." बसला. खुर्चीत बसून बसला, दुकानातल्या गालिच्यावर दहा पावलं चालूनही बसला. डोंगरात मात्र चढावर दर वेळी टाचेला फोड, आणि उतारावर बोटांची वरची बाजू, नखांच्या जरा मागे, सोलून निघायची. नखं काळी पडली नाहीत, पुढे जागा भरपूर होती! तरी बूट मोठा असेल हे डोक्यातच आलं नाही. बूट चावतोय म्हणजे घट्टच असणार, असं धरून मी नाड्या सैल करत गेले. तीन वर्षं.

मग एकदा बूट भिजले म्हणून आतले इनसोल, म्हणजे तळव्याखालच्या सुट्या गाद्या, काढून खिडकीत वाळत ठेवले. उजेड तिरपा पडला होता. पाच बोटांचे पाच काळपट खळगे, आणि त्यांच्या पुढे दोन बोटं रुंद पट्टी, कोरी करकरीत, तिच्यावरची छापील अक्षरं अजून वाचता येत होती. टाचेकडे एक खळगा असायला हवा तर तिथे दोन होते, एकमेकांवर चढलेले, हललेल्या फोटोसारखे. मग बूट हातात घेऊन पाहिला. चालताना कातडं दुमडून जी घडी पडते ती चवड्यावर पडायला हवी. माझी पडली होती थेट बोटांवर.

खरा मुद्दा त्या घडीत आहे. डोंगरातला बूट चपलेसारखा कुठेही वाकत नाही. त्याच्या तळात टाचेपासून कमानीखालून पुढे येणारी एक कडक पट्टी असते, आणि ती संपते तिथे, म्हणजे चवड्याच्या सांध्याखाली, बूट वाकतो. ती जागा बूट घडतानाच ठरलेली असते. माझ्या टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर १५६ मिलिमीटर भरतं. ३७ नंबरचा बूट साधारण २३० मिलिमीटरच्या पावलासाठी असतो, त्याची वाकायची जागा १६६ च्या आसपास येते. सेंटीमीटरभर फरक. टाच मागे घट्ट टेकवली तर माझा चवडा बुटाच्या कडक भागावर पडतो, बूट वाकायला तयार होत नाही आणि टाच वर निघते. पाऊल पुढे सरकलं तर चवडा योग्य जागी येतो, पण मग टाचेमागे पोकळी. पाऊल दिवसभर या दोन जागांमध्ये ये-जा करतं. ते दोन खळगे त्या येरझाऱ्यांचे.

मोजे पावलाला सगळीकडून जाड करतात. ते पाऊल लांब करत नाहीत, आणि चवड्याचा सांधा पुढे सरकवणं तर त्यांना मुळीच जमत नाही.

ही माझी अक्कल नव्हे. चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२० च्या दशकात पाऊल मोजायचं जे धातूचं यंत्र बनवलं, त्यात टाच ते बोटं आणि टाच ते चवडा अशी दोन्ही मापं घेण्याची सोय आहे, आणि दोन्हींत जे मोठं निघेल त्यावर नंबर ठरवायचा असतो. आपण मात्र अजून अंगठा पुढे दाबून "जागा आहे का" एवढंच बघतो.

आता तुमची अठरा वर्षं. मी ती खोटी ठरवत नाहीये. उलट माझा अंदाज सांगते. काहींची बोटं आखूड असतात आणि कमान लांब. अशा पावलाची एकूण लांबी ३५ ची निघते, पण चवड्याचा सांधा ३६ किंवा त्याच्याही पुढच्या बुटाच्या जागेवर येतो. तुमचं तसं असेल, तर तुमचा 'दीड नंबर मोठा' बूट तुम्हाला मोठा नाहीच. तोच तुमचा नंबर. दुसरी शक्यता म्हणजे तुमचे बूट मऊ तळाचे असतील, वाकायची जागा चुकली तरी सांभाळून घेणारे. दोन्हींत तुमचं काही चुकलं नाही. फक्त तो सल्ला दुसरीला देताना तिचं पाऊल तुमच्यासारखंच असेल हे धरून चालू नका.

दोन मोज्यांच्या मी विरोधात नाही, हेही सांगून टाकते. आत पातळ आणि बाहेर जाड घातला की घसरण कातडीऐवजी दोन मोज्यांमध्ये होते आणि फोड कमी येतात. पण तो उपाय फोडांवरचा. शिवाय मोजेही आपल्या मापाचे कुठे मिळतात? ३५ ते ३८ असा एकच गठ्ठा असतो. लहान पावलावर त्यातल्या मोज्याची टाच घोट्याकडे चढते आणि उरलेलं कापड बुटात गोळा होतं. इनसोलचंही तेच. मोठं घेऊन कात्रीने कापा म्हणतात, पण कापतो आपण पुढून. कमानीचा उंचवटा मोठ्या पावलाच्याच जागी राहतो आणि आपल्याला नको तिथे टोचतो.

आता जिथे तुमचं बरोबर आहे ते. "मुलांच्या बुटांकडे फिरकूही नका" हे वाक्य मी रागाच्या भरात लिहिलं होतं. (चाळिशीतल्या बाईला डायनासोरचं चित्र असलेला बूट पुढे केला की कसं वाटतं, ते एकदा अनुभवा.) ते वाक्य चूक होतं. युरोपियन नंबरांची पट्टी मुलं आणि मोठ्यांसाठी एकच आहे. एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटीमीटर. मुलांचा ३५ आणि बायकांचा ३५ कागदावर सारख्याच लांबीचे. इंग्लिश नंबरांत १३ नंतर पुन्हा १ सुरू होतो, पण मुलांचा २ आणि मोठ्यांचा २ तिथेही एकच. अमेरिकन नंबरांत तेवढा घोळ आहे, तिथे बायकांचा आकडा मुलांच्या आकड्याहून साधारण दीड ते दोनने मोठा असतो.

फरक लांबीचा नसून बांधणीचा. मुलांचा बूट हलक्या अंगासाठी असतो. तळातली कडक पट्टी पातळ असते किंवा नसतेच, टाचेची वाटी कमी घट्ट, आणि पुढून तो जास्त पसरट. पाठीवर दहा-बारा किलो घेऊन दगडधोंड्यांतून उतरायचं असेल तर मी अजूनही नको म्हणेन. पण अंगाने हलकी बाई, छोटी पिशवी, मळलेली वाट, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं असेल तर चालेल. चालेल काय, कधीकधी तोच बरा. कारण कडक तळाचा बूट वाकवायला वजन लागतं. पंचेचाळीस किलोच्या बाईने फार ताठ बूट घातला तर नंबर अचूक असूनही टाच उचलली जाते. हे मी मूळ लेखात लिहायलाच हवं होतं आणि राहिलं. बूट हातात धरून पिळून बघायचा, मग टोक आणि टाच दाबून तो कुठे वाकतो ते बघायचं. कमानीत वाकला तर खाली ठेवायचा, तो मुलांचा असो नाहीतर मोठ्यांचा.

'बायकांचे बूट' हा रंगाचा धंदा आहे, हे अर्धं खरं. अर्धं अशासाठी की सरासरीने बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते आणि पोटरी जरा खालपर्यंत उतरते, त्यामुळे साचा नीट वेगळा केला तर फरक जाणवतो. पण सरासरी म्हणजे तुमचं किंवा माझं पाऊल नव्हे. पसरट टाचेच्या बायका आहेत, अरुंद टाचेचे पुरुष आहेत. मला खरा राग आहे तो 'युनिसेक्स' या शब्दावर. बहुतेक वेळा तो पुरुषी साचाच असतो, खालच्या नंबरांपर्यंत लहान करत आणलेला. आणि ३६ च्या खाली कुणी फारसं का बनवत नाही, यात कट वगैरे काही नाही. प्रत्येक नंबराला वेगळं कलबूत, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पावलाच्या आकाराचा ठोकळा, लागतं, तळाचा वेगळा साचा लागतो, आणि टोकाच्या नंबरांना गिऱ्हाईक थोडं. इंग्लिश चौदा नंबरचा पाय असलेल्या पुरुषांचं रडगाणंही हेच असणार.

आणि ताबेई. जेमतेम पाच फूट उंचीची ती बाई १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोचली, तिथे जाणारी पहिली स्त्री. तिच्या त्या तुकडीकडे पैशांची चणचण होती, तेव्हा त्या बायकांनी जुन्या गाड्यांच्या सीटपासून हातमोज्यांवरची आवरणं शिवली आणि हंसाची पिसं आणून झोपायच्या पिशव्या स्वतः तयार केल्या. सांगा, यात 'चालवून घ्या' कुठे दिसतं? नाही मिळालं तेव्हा त्या सुईदोरा घेऊन बसल्या. हे उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, मी ते माझ्याच बाजूला ठेवून घेते!

नवख्या मुलींना घाबरवण्याबद्दल: मी मुद्दाम तसं केलं नाही, पण लेखात अडचणी दोन पानं आणि उपाय चार ओळी, हे पुन्हा वाचताना मलाच खटकलं. म्हणून इथे भर घालते. संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून सुजले असताना मोजा. टाच भिंतीला, कागदावर उभं राहून, पूर्ण वजन टाकून. बसून घेतलेलं माप कमी निघतं. पेन्सिल उभी धरा, दोन्ही पाय मोजा, मोठा पाय तो खरा. माझा डावा ३ मिलिमीटरने मोठा आहे. आणि लांबीबरोबर अंगठ्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतरही लिहून ठेवा. मग नंबराकडे न बघता बुटाच्या जिभेवरच्या चिठ्ठीवर सेंटीमीटर किंवा मिलिमीटर लिहिलेत का ते शोधा. एका कंपनीचा ३६ म्हणजे इंग्लिश ३, दुसरीचा साडेतीन, त्यामुळे या आकड्यांवर भरवसा ठेवून मी दोनदा फसले आहे.

नाड्या न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टेकवली की टाचेमागे एक बोट जावं. दोन गेली तर मोठा. पाऊल अरुंद किंवा चपटं असेल आणि लांबी बरोबर असूनही वर पोकळ वाटत असेल, तर इनसोलखाली एक पातळ सपाट थर घाला. तो उंचीतली जागा भरतो, आणि तेवढीच भरायची असते. नाड्या बांधताना घोट्याच्या वळणावर दुहेरी पीळ द्या, म्हणजे खालचा घट्टपणा खाली राहतो आणि टाच मागे बसते. आणि उतरणीवर चालून बघितल्याशिवाय बूट घेऊ नका, जिन्यावरून उतरलात तरी पुरे. बूट ताणून रुंद करता येतो, आखूड कुणालाच करता येत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, "मग तुम्ही स्वतः काय घालता?" ३५ नंबर, मध्यम मऊ तळ, घोट्यापर्यंत, उजव्यात एक पातळ थर जास्तीचा. त्याआधी तीन जोड परत केले. मुलांच्या बुटांबद्दलचं ते वाक्य आज लेखातून काढलं आहे आणि त्या जागी तुमचा मुद्दा घातला आहे.

आता एक काम तुमच्याकडे. तुमचे इनसोल काढून उजेडात धरा आणि मला एवढंच कळवा: बोटांच्या खळग्यांपुढे कोरी पट्टी किती बोटं रुंद आहे, आणि टाचेला खळगा एक आहे की दोन?