वाफसा आता ॲपवर बघा

शेतात जाऊ नका. पहिला सल्ला हाच. शेतात गेलं की पायाला चिखल लागतो, अर्धा दिवस मोडतो आणि पीक खरंच कसं आहे ते दिसतं, जे तब्येतीला चांगलं नाही. त्यापेक्षा द्राक्षबागेच्या कोपऱ्यात हवामान मोजणारा एक पांढरा खांब उभा करा. त्यावर इवलीशी सोलर प्लेट, पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या. जमिनीत दोन सेन्सर, एक वीतभर खोल, एक हातभर. आणि पानाच्या आकाराची एक पट्टी, जिच्यावर दव साचलं की पान ओलं झाल्याचं तिला कळतं. हे सगळं सिमकार्डावर चालतं. म्हणजे यापुढे घरातल्या चार माणसांचे आणि एका बागेचा, असे पाच रिचार्ज मारायचे.

आमचे आबा वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची अवस्था, मुठीने बघतात. माती उचलायची, आवळायची, गोळा झाला आणि टिचकीने फुटला की वाफसा. चिकटून राहिला तर थांबा. या पद्धतीत मोठा दोष असा की ती फुकट आहे, आणि फुकटच्या गोष्टीला अनुदान मिळत नाही. म्हणून आम्ही खांब घेतला. बसवायला आलेला पोरगा घाईत होता, त्याला त्याच दिवशी दिंडोरीतही एक खांब रोवायचा होता. त्याने सेन्सर नेमका एका गळक्या ड्रिपरखाली गाडला. तेव्हापासून आमची दोन एकर बाग त्या एका ड्रिपरच्या मताने चालली. वेलींनी माना टाकल्या तरी ॲपवर ओलावा 32 टक्के, शेजारी हिरवा गोल. अशा वेळी वेलीवर विश्वास ठेवू नका. वेलीचं शिक्षण झालेलं नसतं.

पानाची पट्टी मात्र गुणाची आहे, हे कबूल करतो. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर पोंग्यातून कोवळी फूट बाहेर पडली आणि वर आभाळ आलं, की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने आपण रात्री-अपरात्री पंप अडकवून सुटतो. पान किती तास ओलं होतं आणि तेव्हा गारवा किती होता, हे समजलं तर त्यातल्या एकदोन फवारण्या वाचतात. पण फवारणी वाचली तर दुकानदाराचं कसं व्हायचं? त्याची काळजी ॲप घेतं. डाऊनीचा इशारा आला की खाली औषधाचं नाव, त्याखाली खरेदीचं बटण. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच निघाला, याला पूर्वी काही वेगळं म्हणायचे. आता एकात्मिक सेवा म्हणतात.

ड्रोनही बोलवा. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरात 15 हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, 80 टक्के अनुदानावर. सोयाबीनवर, उसावर ते छान चालतं, आणि विषाचा फवारा माणसाच्या नाकातोंडात जात नाही, ही लहान गोष्ट नाही. द्राक्षाच्या मांडवावर मात्र ते वरून पाऊस पाडतं आणि डाऊनी बसलेली असते पानाच्या पाठीला. तिकडे लक्ष देऊ नका. व्हिडिओ पानाच्या वरच्या बाजूनेच काढायचा.

आता मोटारीकडे वळू. खरं स्मार्ट यंत्र बघायचं तर विहिरीवरच्या पेटीतला मोबाईल स्टार्टर बघा. घरून फोन लावायचा, मोटार चालू. पुन्हा लावायचा, बंद. तीन फेज लाईट काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री असते. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन उसाच्या कडेने विहिरीवर जाताना पुढे साप आहे की बिबट्या, हे कुठलाच सेन्सर सांगत नाही. गोदाकाठच्या गावांत तर बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. त्या एका फोनने किती घरांतल्या बायांना झोप लागते ते त्यांनाच विचारा. पण या यंत्राबद्दल परिसंवादात बोलू नका. त्यात एआय नाही आणि बसवायला गावातला वायरमन पुरतो, म्हणजे प्रतिष्ठा शून्य.

प्रतिष्ठा वाढवायची असेल तर त्याच पेटीत ऑटो स्विच टाका. लाईट आली की मोटार आपोआप चालू, फोनचाही त्रास नको. तुमच्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनीच ही अक्कल आधी लढवलेली असते. रात्री लाईट येते, सगळ्या मोटारी एका दमात उठतात आणि डीपी धाडकन बसतो. मग पुढचे काही दिवस तुमचा खांब अंधारात उभा राहून दर तासाला कळवत राहतो: पिकाला पाण्याची तातडीची गरज आहे. डीपीसाठी वर्गणी गोळा करताना हा संदेश मोठ्याने वाचून दाखवा, लोक लवकर पैसे काढतात.

ई-पीक पाहणी विसरू नका. 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर आहे. स्वतःच्या शेतात उभं राहून, फोटो काढून सरकारला पटवायचं की हे पीक आहे आणि ते मीच लावलंय. तलाठ्याने चावडीवर बसून पेरा लिहिण्यापेक्षा हे बरंच, यात शंका नाही. फक्त आमच्याकडे रेंज टेकाडावर आहे आणि शेत खाली. टेकाडावर चढलात तर ॲप म्हणतं, तुम्ही तुमच्या गट नंबरच्या बाहेर आहात. खाली उतरलात तर काहीच म्हणत नाही.

विम्याच्या वेळी तरी खांब कामाला येईल, असं मलाही वाटलं होतं. छाटणीनंतर एका रात्रीत आमच्या भांड्यात धो धो पाऊस मोजला गेला. आकडा होता, वेळ होती, आलेख होता. पण हवामान आधारित फळपीक विमा बघतो महसूल मंडळातल्या केंद्राचा आकडा. राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. आमचं मंडळाचं केंद्र काही किलोमीटरवर आणि ढग तेवढ्यात दमला. तिथे पाऊस पडला नाही, सबब आमच्याकडेही पडला नाही. माझा आकडा औषध विकायला चालतो, भरपाई मागायला चालत नाही.

हे सगळं पार पाडलंत की अमेरिकेकडे बघा. 2022 मध्ये रशियन सैनिकांनी युक्रेनमधल्या मेलितोपोलच्या विक्रेत्याकडून जॉन डिअर या अमेरिकी कंपनीची महागडी शेतीयंत्रं उचलून थेट चेचन्यात नेली. तिथे पोचल्यावर ती चालू होईनात, कारण त्यांना दुरूनच कुलूप लागलं होतं. चोरांची जिरली म्हणून टाळ्या वाजवा. टाळ्या वाजवताना तुमच्या ट्रॅक्टरचं कुलूप कोणाच्या हातात आहे, हा विचार मनात आणू नका. तिकडच्या शेतकऱ्यांनी तो आणला आणि आपलं यंत्र आपण दुरुस्त करू द्या म्हणून भांडत बसले. कोलोरॅडो राज्याला 2023 मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. मे 2024 मध्ये तर सौर वादळाने जीपीएस बिघडलं आणि ऐन पेरणीत तिकडचे ट्रॅक्टर सरळ रेघ विसरले. आमच्याकडचा बैल सूर्यावर डाग पडले म्हणून कधी थांबल्याचं आठवत नाही. म्हणूनच तो मागासलेला.

कांदा असेल तर तो साठवायच्या चाळीतही सेन्सर लावा. सडका कांदा कुठे लपलाय ते वासावरून, म्हणजे वायूवरून, तो सांगतो. सड लवकर कळली तर बाकीचा ढीग वाचतो, उपयोगाची वस्तू आहे. पण डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यात बंद केली, तेव्हा आमच्या शेतात लाल कांदा होता, जो चाळीत टिकतच नाही. बंदी उठली मे 2024 मध्ये. मधल्या काळात लासलगावला भाव कोसळले, पण कुठल्या सेन्सरचा दिवा लाल झाला नाही. कांदा ठणठणीत होता ना.

राज्य सरकारने जून 2025 मध्ये शेतीतल्या एआयचं धोरण मंजूर केलंय, 500 कोटींची तरतूद आहे. तेव्हा घाई करा.

आणि चोरीची भीती बाळगू नका. आमचा खांब गेल्या आठवड्यात चोरीला गेला. प्लेट, बॅटरी, वाट्या, पाठोपाठ शेजारच्या विहिरीवरची केबलही. सकाळी आबा आणि मी त्या खड्ड्यापाशी उभे राहिलो. मी सवयीने ॲप उघडलं.

"काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

"ओलावा 32 टक्के. पाण्याची गरज नाही."

"बरंय मग," आबा म्हणाले आणि खाली बसून खड्ड्यातली माती मुठीत आवळायला लागले.